शाळेची परसबाग: आधी तासिका, मग भाजी

जूनमध्ये फोटो काढून लावलेली रोपं दिवाळीनंतर कुठे असतात, हे शाळेत शिकवणाऱ्या कुणाला सांगायला नको. खड्डे तेवढे उरतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपं येतात. मी सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत बरीच वर्षं आहे आणि अशा खड्ड्यांत माझाही वाटा आहे. आमची बाग टिकायला लागली ती तिला वेळापत्रकात घातलं त्या वर्षापासून. शनिवारी वेळ मिळाला तर, पाहुणे येणार असतील तर, स्पर्धा लागली तर, अशी बाग टिकत नाही. मंगळवारची तिसरी तासिका बागेत, असं फळ्यावर लिहिलं की टिकते.

कल्पना काही नवी नाही. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची मांडणी केली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. अलीकडे, २०१९ मध्ये, केंद्राने शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ‘परसबाग’ हा शब्द आपल्या अहवालांत रुळला. अहवालाचं राहू द्या. प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम: हिशेब

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. पट ४० असेल तर रोज दोन किलो. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्यातून चांगली आली तर अडीच-तीन किलो मेथी निघते. म्हणजे महिनाभर राबून एका वाफ्यातून एका दिवसाची भाजी. हा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत तोच मांडा. नाहीतर ‘आता बाजारातून भाजी आणायला नको’ अशी समजूत होते आणि ऑक्टोबरात कुणीतरी विचारतं, एवढं करून भाजी कुठाय?

सुरुवातीला दोन वाफे पुरेत. पाच गुंठ्यांचा आराखडा काढू नका. दोन वाफे वर्षभर जगवले की तिसरा मुलंच मागतात.

जागा: सावली डिसेंबरची बघा

फळभाजीला रोज किमान सहा तास ऊन लागतं, पालेभाजी चार-पाच तासांवर भागवते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आम्ही चुकलो ते पुढे.

पहिल्या वर्षी जूनमध्ये जागा शोधली. वर्गखोल्यांच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला लागून छान पट्टा होता. ऊन भरपूर, नळ जवळ. तिथे वाफे केले. नोव्हेंबरात मेथी पेरली तर ती काडीसारखी उंच वाढली, पिवळट, आणि मुळापाशी आडवी झाली. पावसाळ्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, म्हणून तो पट्टा उन्हात होता. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. साताऱ्याच्या अक्षांशावर भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर येतो. चार मीटर उंचीच्या खोलीची सावली तेव्हा उत्तरेला साडेतीन मीटरपर्यंत जाते. आमचा अख्खा पट्टा त्या सावलीत होता. रब्बी हाच शाळेच्या बागेचा खरा हंगाम, आणि तोच हुकला.

म्हणून जूनमध्ये जागा निवडताना इमारतीच्या उत्तरेला तिच्या उंचीइतकं अंतर सोडा. दक्षिणेची बाजू मिळाली तर उत्तमच. पाचवीच्या मुलांना मैदानात एक सरळ काठी रोवून द्या. दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच वेळी सावलीच्या टोकाशी फक्की टाकायची आणि लांबी वहीत लिहायची. वर्षाअखेर ती वही म्हणजे भूगोलाचा धडा होतो. आपल्याकडे शून्य सावलीचे, म्हणजे भर दुपारी काठीची सावलीच न पडण्याचे, दिवस दोन. एक येतो मेच्या सुट्टीत, दुसरा जुलैअखेर-ऑगस्टच्या तोंडाला भर ढगांत. काठीच्या वहीतून मात्र ते दोन्ही दिवस मुलांना शोधून काढता येतात.

आणखी दोन गोष्टी बघा. जागा वर्गाच्या खिडकीतून दिसायला हवी. जी दिसत नाही ती विसरली जाते. आणि कुंपण वाफ्यांच्या आधी. बाभळीच्या फांद्या, तुराट्या, जुनी जाळी, काहीही चालेल, पण शेळी आत येता कामा नये. शेळीला दिवाळीची सुट्टी नसते.

पाणी

हिवाळ्यात चौरस मीटरला दिवसाला साधारण चार-पाच लिटर पाणी धरा. म्हणजे आपल्या वाफ्याला १२ ते १५ लिटर. मार्चनंतर हाच आकडा दुपटीकडे जातो. आमच्याकडे टँकरची सवय, तेव्हा नवं पाणी मागण्याआधी असलेलं पाणी कुठे जातं ते शोधलं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी स्वयंपाकाच्या ताई पूर्वी दारातच ओतायच्या. आता ते बादलीत साठतं आणि थेट वाफ्यात जातं. शाळा सुटताना प्रत्येकाच्या बाटलीत घोट-दोन घोट उरलेलं असतं, ते रांगेने आपापल्या वाफ्यात ओतायचं. हात आणि ताटं धुतलेलं साबणाचं पाणी भाजीला देऊ नका. ते वाळू-खडीच्या खड्ड्यातून केळी, पपई, कर्दळीकडे वळवा.

पावसाचं गणित मुलांना फार आवडतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. शाळेचं छप्पर ६० चौरस मीटरचं आणि पाऊस दहा मिलिमीटर, तर ६०० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून गेलं. सरळ बाजूंची बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापा, तोच उलटा करून वर बसवा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून आधी थोडं पाणी भरा आणि तिथून पट्टी चिकटवा. पर्जन्यमापक तयार. दररोज प्रार्थनेनंतर एका मुलाने आकडा सांगायचा.

माती आणि वाफा

काचेच्या बरणीत अर्धी माती आणि अर्धं पाणी घालून जोरात हलवा आणि दोन दिवस तशीच ठेवा. खाली वाळू बसते, तिच्यावर पोयटा, वर चिकणमाती. आमच्या मुरमाड जमिनीत वाळूचाच थर जाड; विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत उलटं दिसेल. मुरमाड जमिनीला शेणखताची भूक मोठी, काळीला निचऱ्याची गरज. कोकणात निचऱ्याशिवाय गत्यंतरच नाही.

उत्तर तिन्हीकडे एकच: गादीवाफा. लांबी तीन मीटर, उंची एक वीत, रुंदी ९० सेंटिमीटर ते एक मीटर. रुंदी त्याहून वाढवू नका, चौथीच्या मुलाचा हात दोन्हीकडून मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यावर पाय ठेवायचा नाही हा एकच कडक नियम. दोन वाफ्यांमध्ये दोन फुटांची वाट ठेवा, म्हणजे वीस मुलं भोवती बसू शकतात. ही वाट म्हणजेच तुमचा वर्ग. ती अरुंद केली तर मागच्या मुलांना पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात.

टिकाव-कुदळीचं काम मोठ्यांचं. आमच्याकडे पालकांनी एका रविवारी दोन तासांत उरकलं. मुलांनी ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, शेणखत मिसळायचं. शेणखत चांगलं कुजलेलं, काळपट, वास न येणारं हवं. ताजं शेण कच्च्या खाण्याच्या भाजीत नकोच. जीवामृत करायचं तर शाळेपुरतं २० लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी जमिनीतून द्यायचं, आठवड्यात संपवायचं. पानांवर शिंपडायचं नाही. काम झालं की साबणाने हात, अपवाद कुणालाच नाही, मलासुद्धा.

शहरातल्या शाळेला जमीन नसेल तर गच्चीवर तांदळाच्या रिकाम्या गोण्या आणि तेलाचे डबे चालतात. डब्यांना तळाशी भोकं पाडा, आणि स्लॅबवर किती ओझं चालेल ते आधी जाणत्याला विचारा.

काय, कधी

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात थोडी उशिरा. मृगाचा पाऊस पडो न पडो, जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी आणि वेलवर्गीय लावा: दोडका, कारलं, दुधी, लाल भोपळा. भेंडी ४५-५० दिवसांत पहिला तोडा देते. मेथी-कोथिंबिरीच्या मागे पावसाळ्यात लागू नका, सडते. कोकणात पडवळ, काकडी मांडवावर चढवा आणि अळू पन्हाळीखाली लावा.

वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपं ऑगस्टअखेर लहान गादीवर टाका. चार-पाच आठवड्यांनी, रोपं वीतभर झाली की, संध्याकाळच्या वेळी लावायची. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा ही खरी शाळेची पिकं, कारण ती मुलांच्या धीराच्या मापाची आहेत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. पहिलीच्या मुलाला तीन महिने थांब म्हणणं जुलूम आहे. धणे रगडून, दोन भाग करून पेरायचे. त्यांना आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी कुणीतरी माती उकरून बघणारच. बघू द्या, एकदाच.

कडेला कायमची झाडं: दोन शेवगे, एक कढीपत्ता, एक लिंबू. खिचडीला बारमाही काही मिळालं तर ते या झाडांकडून. शेवग्याचा पाला डाळीत घालायला ताईंना तयार करणं हे वेगळं काम आहे. आमच्याकडे त्यात एक वर्ष गेलं.

बियाणं शक्यतो गावातलंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाघेवड्यासारखी गावरान वाणं जपली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे मुलांना सांगितलं की घरच्या आजीच्या उतरंडीत काय आहे ते ती शोधू लागतात. पेरणीआधी उगवण तपासा: दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि चार-पाच दिवसांनी मोजा. सात उगवल्या तर ७० टक्के. शेकडेवारीचा धडा इथेच शिकवा, पुस्तकातलं उदाहरण नंतर.

तासिका

आठवड्याला दोन पुरतात. एक परिसर अभ्यासाची किंवा विज्ञानाची, एक गणिताची. कार्यानुभवाच्या तासाला पाणी आणि खुरपणी. बागेत जाताना एकच प्रश्न घेऊन जा. ‘चला, निरीक्षण करूया’ असं म्हटलं की मुलं हुंदडतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

गणिताचा माझा आवडता प्रश्न: तीन मीटरच्या ओळीत दर ३० सेंटिमीटरला भेंडी लावायची, बिया किती? सगळा वर्ग ओरडतो, दहा. लावून बघा म्हणतो. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावलं की एक बी कमी पडते, दहा अंतरांना अकरा बिया. मग कुणीतरी म्हणतं, टोकाला कशाला, अर्धं अंतर सोडून सुरू करूया, आणि दहाच पुरतात. दोन्ही उत्तरं बरोबर. त्या दिवशी फळ्याची आठवण कुणाला येत नाही.

चवळी फुलोऱ्यात आली की एक रोप अलगद, ओल्या मातीसकट उपटा आणि मुळं पाण्यात धुवा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी रंग असेल तर गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरण्याचं काम करताहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम सुरू झालेलं नाही किंवा संपलं आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा असतो, त्यातही लोह असतं. हे सांगितल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, चवळीला पण रक्त हाय?” तिला मी नाही म्हणालो, पण जरा विचार करूनच.

लाल भोपळ्यासाठी शाळा लवकर उघडावी लागते, कारण त्याची फुलं सकाळीच उमलतात आणि उन्हं चढली की मिटतात. नर फुलाचा देठ लांब, बारीक आणि सरळ. मादी फुलाच्या मागे लिंबाएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. मुलांनी नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. बोटाला लागलेले पराग सगळ्यांना दाखवायचे. त्या फुलाला दोरा बांधा आणि शेजारच्या दुसऱ्या मादी फुलाला आदल्या संध्याकाळीच कापडी पिशवी घालून ठेवा. चार-पाच दिवसांत पिशवीतला लिंबाएवढा भोपळा पिवळा पडून गळतो आणि दोऱ्याचा फुगायला लागतो. मधमाशी काय करते, हे यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

पाळ्या लावताना जपा. पाणी आणणं मुलींकडे, शेण उचलणं ठरावीक घरच्या मुलांकडे, असं नकळत होतं. नकळत होतं म्हणूनच पाळी पटाच्या क्रमाने लावा आणि भिंतीवर चिकटवा. आणि शिक्षा म्हणून कुणाला बागेत पाठवू नका. ज्या दिवशी पाठवाल त्या दिवशी बाग संपली.

कीड

शाळेत रासायनिक औषध आणायचंच नाही, कुलपातसुद्धा नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉस मिसळलेल्या तेलातून शिजलेल्या शालेय भोजनाने २३ मुलं गेली. यावर आणखी चर्चा नको.

मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने उडवा. उरला तर निंबोळी अर्क: अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, एकूण दहा लिटर करायचं आणि साबणाचा चुरा चिमूटभर घालायचा. फवारणी मोठ्यांनी, संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर. पिवळ्या पत्र्याला किंवा पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगला की पांढरी माशी चिकटते. किती चिकटल्या, याचा स्तंभालेख चौथीतल्यांनी काढावा. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, भीतिदायक दिसते आणि मुलं तिलाच आधी चिरडतात. ती मावा खाते. तिचं चित्र वर्गात लावा.

पालापाचोळ्याचं आच्छादन भिंतीपासून दूर ठेवा, विंचू-सापाला आडोसा होतो. दगड हाताने उलटायचा नाही, काठीने.

गाव आत कसं येतं

‘लोकसहभाग’ हा शब्द मला जड जातो. बोलावून कुणी येत नाही, काम असेल तर येतं. ऋषिपंचमीच्या आधी आम्ही दोन आज्यांना शाळेत बोलावलं, कारण वाफ्यातलं तण उपटायचं होतं आणि मला त्यातलं निम्मं ओळखता येत नव्हतं. एक आजी खुरपं बाजूला ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, हे टाकताय व्हय? तांदुळजा हाय की ह्यो.” मग घोळ निघाली, कुर्डू निघालं, आघाडा निघाला. त्या दिवशी तण आणि भाजी अशा दोन पाट्या भरल्या आणि भाजीची पाटी जड निघाली. रानभाजीबाबत पथ्य एकच: जाणत्या माणसाने हातात घेऊन ओळखल्याशिवाय ती खिचडीत जात नाही.

त्या आज्या आता दर पंधरवड्याला येतात. हजेरीपटात त्यांची नावं नाहीत, पण मुलं त्यांनाही ‘बाई’ म्हणतात.

काढलेली भाजी ताईंच्या हातात देण्याआधी मुलांनी वजन करून वहीत लिहायची: तारीख, वाफा, किलो. ताटात काय आलं हे वाढण्याआधी एका मुलाने सांगायचं. आमच्याकडे दोडका न खाणारी मुलं ‘आमच्या वाफ्यातला’ दोडका खातात. यामागे पोषणशास्त्र नाही, निव्वळ मालकी आहे.

सुट्ट्या

दिवाळीच्या सुट्टीच्या आठवडाभर आधी शाळेजवळच्या पाच घरांशी बोला. त्या दिवसांत निघेल ती भाजी त्यांची, पाणी घालणं त्यांचं. हा सरळ सौदा आहे आणि उपकारापेक्षा जास्त टिकतो. सुट्टीआधी पेरलेल्या मेथीवर ओल्या गवताचा पातळ थर टाका, उगवली की काढायला सांगा.

उन्हाळ्यात बाग वाचवायचा हट्ट मी सोडून दिला. मार्चअखेर वाफे रिकामे करायचे, त्यावर पालापाचोळा आणि थोडं शेण पसरून द्यायचं आणि जूनपर्यंत कुजू द्यायचं. पाणी फक्त कडेच्या झाडांना, मडक्यातून. भाजलेलं, पण रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत रोपाजवळ पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण. झाकण नसेल तर डास होतात. ऊन आणि माती पाहून दोन ते चार दिवसांनी भरावं लागतं. मेमध्ये ती पाळी आमच्याकडे व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या घरी असते. गेल्या वर्षी लिंबू जळालं, शेवगे तरले. जळालेलं लिंबू जूनमध्ये उपटलं नाही. सहावीने त्याचं खोड आडवं कापून घेतलं आणि भिंगातून बघितलं.

बी मात्र त्याआधीच, पीक उभं असतानाच धरायचं. चवळीच्या आणि भेंडीच्या दोन-तीन धष्टपुष्ट शेंगा वेलावर-झाडावर वाळू द्यायच्या, लाल दोरा बांधून, म्हणजे कुणी तोडत नाही. वाळलेलं बी चुलीच्या राखेत घोळून, कोरड्या बाटलीत भरून, वर्गाचं नाव आणि तारीख लिहून कपाटात. यंदा चवळीच्या बाटलीवर चौथीने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: ‘ताईंनी उसळ करू नये. पेरायची आहे.’